जुना स्कॅन आहे का?

मागच्या महिन्यात पंधरा दिवस मी एका हॉस्पिटलच्या रेडिओलॉजी डिपार्टमेंटमध्ये नुसता बसून होतो. नुसता म्हणजे खरंच नुसता, कशाला हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय पेशंटशी बोलायचं नाही, तिथल्या रेडिओलॉजिस्ट (म्हणजे स्कॅन, एक्स-रे वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर) मॅडमच्या खुर्चीमागे स्टुलावर बसायचं आणि त्या काय बघतात ते बघायचं. माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, प्रोजेक्ट आहे कमी डोसच्या (म्हणजे कमी एक्स-रे वापरून काढलेल्या) सीटी स्कॅनमधला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, डीप लर्निंगने, म्हणजे उदाहरणं बघून शिकणाऱ्या प्रोग्रॅमने काढायचा, आणि पहिल्याच रिव्ह्यूला गाईडनी विचारलं की तुमच्यापैकी कुणी कधी रेडिओलॉजिस्टला काम करताना बघितलंय का. आम्ही चौघंही गप्प. मग ओळखीतून परवानगी काढली, आणि ग्रुपमधून मी एकटाच गेलो कारण बाकीच्यांना (खरं सांगायचं तर मलाही) हा टाइमपास वाटत होता.

जाताना डोक्यात हिशोब एकदम सोपा होता. इमेज आत जाते, लेबल बाहेर येतं, मधे एक माणूस बसलाय ज्याने वीस वर्षं ट्रेनिंग डेटा बघितलाय. २०१६ मध्ये डीप लर्निंगच्या जनकांपैकी एक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्टना ट्रेनिंग देणं आता थांबवायला हवं, पाच वर्षांत डीप लर्निंग त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. ते आमच्या प्रेझेंटेशनच्या दुसऱ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात होतं. ती पाच वर्षं कधीच उलटून गेलीत हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, मॅडमच्या आलं. स्लाइड बघून म्हणाल्या, "मग मी घरी जाऊ का रे?" आणि परत स्क्रीनकडे वळल्या, कारण तेवढ्या वेळात वर्कलिस्टमध्ये चार नवीन केसेस येऊन पडल्या होत्या.

रिपोर्टिंग रूममध्ये अंधार असतो. पहिल्या दिवशी मी शहाण्यासारखा दिवा लावला आणि खोलीतले तिघंही एकदम ओरडले. कारण साधं आहे, सीटीच्या प्रत्येक पिक्सेलला एक आकडा असतो, हाउन्सफिल्ड युनिट, पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे -१०००, चरबी -१०० च्या आसपास, हाड काहीशेपासून हजाराच्याही वर. एवढे सगळे आकडे करड्या रंगाच्या छटांमध्ये एकदम दाखवले तर मेंदू नुसता एकसारखा राखाडी गोळा दिसतो, कारण मेंदूतला पांढरा भाग आणि करडा भाग यांच्यात फरक असतो जेमतेम दहाएक युनिटचा. म्हणून विंडो लावायची. मेंदूसाठी साधारण ८० रुंदीची विंडो, मध्य ४० वर, म्हणजे ० च्या खालचं सगळं काळं आणि ८० च्या वरचं सगळं पांढरं, मधल्या तेवढ्या पट्टीतच सगळ्या छटा. फुप्फुसासाठी हीच विंडो १५०० रुंद, मध्य -६०० वर. हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. पण मॅडमचं बोट की-बोर्डवर टक टक टक करत एकाच स्लाइसवर (म्हणजे शरीराच्या एका आडव्या कापावर) तीन विंडो बदलतं आणि तीनदा वेगळाच माणूस आतून बाहेर येतो, ते बघताना पाठांतराचा काही उपयोग नाही. आणि शेजारी दिवा लागला की स्क्रीनवर चमक येते आणि ती दहा युनिटांची छटा गायब. बास, एवढ्यासाठी अंधार.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी इमर्जन्सीतून फोन आला. एक आजोबा, अचानक उजवा हात-पाय उचलेना, बोलता येईना, प्लेन सीटी (शिरेत डाय न देता काढलेला) करून पाठवलाय. मॅडमनी उघडला, वरून खाली एकदा, खालून वर एकदा, विंडो अरुंद करून परत एकदा, डावी बाजू-उजवी बाजू, डावी-उजवी. मीही मागून डोळे फाडून बघत होतो. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. मॅडम फोनवर म्हणाल्या, "ब्लीड नाही. गो अहेड." आणि फोन ठेवला.

मी विचारलं, स्कॅन नॉर्मल आहे मग? तर म्हणाल्या, "नॉर्मल कसा असेल, माणसाचा हात उचलत नाहीये." मग समजावलं. रक्ताच्या गाठीने नस बंद झाली तर पहिल्या काही तासांत प्लेन सीटीवर बऱ्याचदा काहीच दिसत नाही, किंवा इतकं हलकं दिसतं की नाही म्हटलं तरी चालेल. पण नस फुटून रक्त आलं असेल तर ते लगेच पांढरं चमकतं. गाठ विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि तेच इंजेक्शन रक्तस्राव असलेल्या माणसाला दिलं तर तो जाऊ शकतो. म्हणजे तिकडच्या डॉक्टरांचा प्रश्न काय झालंय हा नव्हताच, प्रश्न होता इंजेक्शन देऊ का. आणि त्याचं उत्तर "काही दिसत नाही" हे होतं.

मी स्टुलावर बसून विचार करत होतो की आमच्या मॉडेलमध्ये या इमेजचं लेबल काय असतं. नॉर्मल. झिरो. आणि ज्या आजोबांसाठी ते झिरो होतं ते तेव्हा आयुष्यातला सगळ्यात अ‍ॅबनॉर्मल तास काढत होते.

त्यानंतर मी मॅडम स्क्रीनवर काय बघतात यापेक्षा स्क्रीनच्या आधी काय बघतात ते बघायला लागलो. तो असतो रिक्विझिशन फॉर्म, म्हणजे पाठवणाऱ्या डॉक्टरने काय लिहून पाठवलंय. कधी छान तीन ओळी असतात, कधी नुसतं "पोटात दुखतंय". त्यावर मॅडमचा जो चेहरा होतो ना, तो आमच्या सरांचा होतो जेव्हा आम्ही "कोड चालत नाहीये" एवढंच मेल करतो. एकदा तर फॉर्मवर काहीच नव्हतं, मॅडम खुर्चीतून उठल्या आणि सीटीच्या बाहेर बाकावर बसलेल्या बाईंना स्वतः जाऊन विचारून आल्या, कुठे दुखतं, कधीपासून, आधी काही ऑपरेशन झालंय का. आल्यावर म्हणाल्या, "पित्ताशय काढलंय तिचं. नाहीतर मी इथे पित्ताशय शोधत बसले असते."

आणि दुसरा प्रश्न, जो मी पंधरा दिवसांत इतक्यांदा ऐकला की शेवटी शेवटी मीच पुटपुटायचो: "जुना स्कॅन आहे का?" टेक्निशियनला, रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला), फोनवरच्या डॉक्टरला, पेशंटच्या मुलाला. जुना एक्स-रे आहे का, जुना रिपोर्ट आहे का, पिशवीत बघा, घरी असेल तर मोबाइलवर फोटो मागवा. फुप्फुसात एखादा डाग दिसला तर तो डाग आज कसा दिसतो याला निम्मीच किंमत, मागच्या वर्षी तो होता का आणि होता तर केवढा होता, हे कळलं की उरलेलं अर्धं आपोआप सुटतं. पॅक्सवर, म्हणजे स्कॅन साठवायच्या-बघायच्या सिस्टिमवर, जुना आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी लावून दोन्ही एकत्र स्क्रोल करता येतात, आणि जुना सापडला की मॅडमचे खांदे अक्षरशः खाली यायचे.

आता माझी फजिती. एका सकाळी वॉर्डमधून छातीचा एक्स-रे आला, मॅडम म्हणाल्या सांग काय दिसतंय. मी एवढे दिवस बसून थोडा धीट झालो होतो, छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून हृदय मोठं असलं तर मोठं म्हणायचं हे वाचून आलो होतो, मनातल्या मनात मोजलं आणि ठासून सांगितलं, हार्ट मोठं आहे. मॅडमनी काही न बोलता कोपऱ्यातल्या छोट्या अक्षरांवर कर्सर नेला. एपी, पोर्टेबल.

झालं असं की नेहमीच्या एक्स-रेला पेशंट उभा राहून छाती डिटेक्टरला टेकवतो आणि किरण पाठीकडून येतात, मशीन साधारण सहा फूट लांब. हृदय पुढच्या बाजूला असतं, म्हणजे डिटेक्टरच्या जवळ. वॉर्डमध्ये झोपलेल्या पेशंटचा पोर्टेबलवर काढताना प्लेट पाठीखाली, किरण समोरून (तेच एपी), अंतरही कमी, म्हणून हृदय डिटेक्टरपासून लांब पडतं आणि सावली मोठी पडते. समरूप त्रिकोण! दहावीची भूमिती! चार वर्षं इंजिनिअरिंग करून मी दहावीच्या भूमितीत आपटलो, तेही रेसिडेंटसमोर.

पण त्याच दिवशी मला एक गोष्ट कळली जी आधी नुसती वाचली होती. उभं राहता न येण्याइतका आजारी माणूसच पोर्टेबलवर जातो. म्हणजे "हा फोटो पोर्टेबल आहे" एवढं ओळखूनसुद्धा मॉडेलला "हा माणूस आजारी आहे" असं बऱ्यापैकी बरोबर सांगता येईल, फुप्फुसाकडे ढुंकून न बघता. अशा चोऱ्या खरंच पकडल्या गेल्यात. चेस्टएक्सरे१४ म्हणून एक प्रसिद्ध डेटासेट आहे, १,१२,१२० एक्स-रेंचा, त्यातल्या न्यूमोथोरॅक्सच्या, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठलेल्या पेशंटच्या बऱ्याचशा फोटोंमध्ये छातीत आधीच नळी घातलेली आहे, म्हणजे उपचार होऊन गेलेत. मॉडेल नळी ओळखायला शिकतं आणि मार्क मिळवतं. ज्याला नळी अजून घातलेली नाही, म्हणजे ज्याला खरी गरज आहे, तिथे नापास. मॅडमना सांगितलं तर खो खो हसल्या, म्हणाल्या, "आमचे फर्स्ट इयरचे रेसिडेंटपण असंच करतात."

सगळ्यात मजा मला सोनोग्राफीत आली. आमच्याकडे सिग्नल प्रोसेसिंगमध्ये आर्टिफॅक्ट, म्हणजे प्रत्यक्षात नसलेली पण इमेजमध्ये उमटलेली खूण, हा शत्रू असतो, फिल्टर करून हाकलायचा. सोनोग्राफीचं मशीन तर मुळातच थापा मारत असतं, शरीरात आवाजाचा वेग सगळीकडे सेकंदाला १५४० मीटर आहे असं गृहीत धरून अंतरं काढतं, जे चरबीत खरं नसतं आणि हाडात तर नाहीच. तर एका काकांची सोनोग्राफी चालू होती. पोटावर जेल, प्रोब बरगड्यांच्या खाली, स्क्रीनवर पित्ताशय म्हणजे काळ्या पेरूसारखा एक आकार आणि त्यात एक पांढरा ठिपका, आणि त्या ठिपक्याच्या मागे एक सरळ काळी पट्टी, जणू कुणी टॉर्चसमोर बोट धरलंय. माझ्या डोक्यात लगेच, ही पट्टी कशी काढायची. मॅडमच्या दृष्टीने ती पट्टी हाच सगळा मुद्दा होता. खडा आवाज अडवतो म्हणून मागे सावली पडते. ती सावली फिल्टरने पुसली तर उरतो एक पांढरा ठिपका, जो काहीही असू शकतो.

तरी त्या तिथे थांबल्या नाहीत. "काका, डाव्या कुशीवर वळा बरं." काका कण्हत कण्हत वळले, प्रोब परत लावला, आणि तो ठिपका पित्ताशयाच्या तळाशी हळूच घरंगळत गेलेला दिसला. भिंतीला चिकटलेला पॉलिप असता तर हलला नसता. कोट्यवधीचं गणित करणारं मशीन, आणि निदान कशावर, तर माणसाला कुशीवर वळवून. मी त्या दिवशी वहीत फक्त "घरंगळला" एवढंच लिहून ठेवलंय.

एमआरआयबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तिथे मी बहुतेक वेळ काचेच्या अलीकडेच होतो आणि आतला तो धाड धाड आवाज ऐकत होतो. ग्रेडियंट कॉइलमधला (मशीनमधल्या तारांच्या वेटोळ्यांमधला) करंट चालू-बंद होताना त्या हादरतात त्याचा आवाज. एवढंच सांगतो की चुंबक कधीच बंद नसतो, रात्री नाही, सुट्टीला नाही, आणि टेक्निशियन दादांनी माझे खिसे तीन वेळा तपासले, चौथ्यांदा मीच हात वर करून उभा राहिलो.

मधे एका दुपारी वर्कलिस्ट जरा रिकामी होती तेव्हा मी फुशारकी मारली की सीटी शोधला तो आमच्यातल्याने. हाउन्सफिल्ड ईएमआय कंपनीत इंजिनिअर होते, डॉक्टर नव्हते, पीएचडीसुद्धा नव्हती, १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन झाला, इमेज होती ८० बाय ८०, आणि १९७९ मध्ये कॉर्मॅक नावाच्या फिजिसिस्टबरोबर मेडिसिनचं नोबेल. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि तो पेशंट कुणाचा होता? अ‍ॅम्ब्रोज. रेडिओलॉजिस्ट. तुमचा हाउन्सफिल्डपण असाच येऊन बसायचा कुणाच्या तरी शेजारी." यावर काय बोलणार.

पोटाच्या सीटीचं एक राहिलं. किडनी स्टोनचा पेशंट, खडा पाच सेकंदात दिसला, मलाही दिसला. माझ्या हिशोबाने केस संपली. मॅडम मात्र स्क्रोल करतच राहिल्या, लिव्हर, मग स्वादुपिंड, मग हाडांची विंडो लावून मणके एकेक, मग सगळ्यात वरच्या स्लाइस जिथे फुप्फुसाचा खालचा तुकडा चुकून आलेला असतो, तोही. एक गोष्ट सापडली की डोळे ढिले पडतात, त्याला त्यांच्यात सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च म्हणतात. २०१३ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, फुप्फुसाच्या सीटीत गोरिलाचं चित्र घुसवलं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं, आणि २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना ते दिसलंच नाही. डोळ्यांच्या हालचाली तपासल्या तर त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावरून गेलेली. मला वाटलं होतं मॅडम हे ऐकून चिडतील. त्या म्हणाल्या, "म्हणून तर मी शेवटी कोपरे बघते."

शेवटच्या दोन दिवसांत मी आमचा प्रोजेक्ट त्यांना दाखवला. डिपार्टमेंटने नाव-नंबर काढून आम्हाला फुप्फुसाचे काही स्कॅन दिले होते, त्यात आम्ही नॉइज मिसळून कमी डोसचे बनवायचो (डोस चौथा हिस्सा केला की नॉइज दुप्पट, एवढं सरळ गणित आहे) आणि आमचं नेटवर्क तो नॉइज काढायचं. पीएसएनआर (आमची इमेज मूळ इमेजशी किती जुळते त्याचा आकडा, जास्त तेवढा चांगला) मस्त आलेला. आधी-नंतर असे दोन फोटो शेजारी लावले. आधीचा दाणेदार, नंतरचा लोण्यासारखा. मी वाट बघत होतो की आता वा म्हणतील.

"छान आहे. गुळगुळीत." मग मूळ स्कॅन मागितला, जो नॉइज मिसळायच्या आधीचा. तो त्यांनी भराभर वरखाली स्क्रोल केला, एका जागी थांबल्या, दोन स्लाइस मागे, दोन पुढे. "हा कुठे गेला?"

उजव्या फुप्फुसात खालच्या बाजूला चारेक मिलिमीटरचा एक ठिपका. मूळ स्कॅनमध्ये होता. आमच्या गुळगुळीत स्कॅनमध्ये तिथे स्वच्छ, सुंदर, काळं फुप्फुस. आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांचे तसेच दिसणारे ठिपके मात्र सगळे शाबूत. मी म्हटलं, पण हा आणि ती रक्तवाहिनी एका स्लाइसवर सारखेच दिसतात की. "एका स्लाइसवर दिसतात," मॅडम म्हणाल्या आणि चाक फिरवलं. रक्तवाहिनी स्लाइसमागून स्लाइस सरकत जाते, फांद्या फुटतात, पुढे कुठेतरी पोचते. तो ठिपका येतो, मोठा होतो, जातो. बास. पंधरा दिवस मी त्यांचं ते चाक गरगर फिरताना बघत होतो आणि मला वाटायचं ही नुसती सवय आहे. आमचं नेटवर्क एकावेळी एकच स्लाइस बघतं. ते आम्हीच ठरवलं होतं, कारण जीपीयूच्या (ज्या चिपवर नेटवर्क चालतं तिच्या) मेमरीत तेवढंच मावत होतं.

मग त्यांनी यादीवरून मूळ केस काढायला लावली आणि तोच प्रश्न. जुना स्कॅन आहे का? होता. दोन वर्षांपूर्वीचा. ठिपका तिथेच, तेवढाच, चार मिलिमीटर. "काही नाही हा, जुनी खूण असेल कसली तरी. दोन वर्षं जागचा हललेला नाही."

मला इतकं हायसं वाटलं की मी बोलून गेलो, म्हणजे पुसला गेला तरी काही बिघडलं नसतं ना मॅडम. त्या वळून बघायला लागल्या. रागाने नाही, जरा आश्चर्याने. "अरे, काही नाहीये हे तो दिसला म्हणून कळलं ना?" आणि मायक्रोफोन उचलून पुढच्या केसचा रिपोर्ट सांगायला लागल्या.

आता परत कॉलेजात आहे. एकावेळी एकाऐवजी सात स्लाइस द्यायला सुरुवात केलीय, बॅच साइज (एकावेळी किती उदाहरणं शिकवायची ते) कमी करून करून एकवर आलाय, लॉस फंक्शनमध्ये (नेटवर्कची चूक मोजायच्या सूत्रात) छोट्या ठिपक्यांना जास्त वजन दिलंय. स्कॅन थोडे दाणेदार दिसतात पहिल्यापेक्षा. तो ठिपका दिसतोय. पीएसएनआर दीड डेसिबलने घसरलाय आणि पुढचा रिव्ह्यू शुक्रवारी आहे, गाईडना अजून सांगितलं नाहीये.